घड्याळ कोणत्या वर्षापासून लावायचे? आजचे संघर्ष आणि इतिहासाची सुरुवात

धागाकर्ता

आंतरराष्ट्रीय घडामोडींवरील चर्चा वाचताना एक गोष्ट मला वारंवार खटकते. दोन माणसे एकाच वैराविषयी बोलत असतात, दोघांचेही तपशील बहुतांशी बरोबर असतात, आणि तरीही ती दोन वेगळ्या ग्रहांवरून बोलत असल्यासारखी वाटतात. बराच काळ मी हा पूर्वग्रहाचा दोष मानत होतो. आता मला वाटते की पुष्कळदा भांडणाचे मूळ त्याहून साधे असते: दोघांनी आपापली गोष्ट वेगवेगळ्या वर्षी सुरू केलेली असते.

इराण आणि अमेरिका यांचेच उदाहरण घ्या. अमेरिकी बाजूने बोलणाऱ्याची कथा ४ नोव्हेंबर १९७९ रोजी सुरू होते. त्या दिवशी तेहरानमधील अमेरिकी दूतावासावर विद्यार्थ्यांनी ताबा मिळवला आणि पुढे ५२ अमेरिकी नागरिक ४४४ दिवस ओलीस राहिले. राजनैतिक संबंधांचे सर्व संकेत धुडकावणारी ही घटना होती, आणि तिथून पाहिले तर इराणची नवी राजवट हीच सगळ्याची सुरुवात ठरते. इराणी बाजूने बोलणारा मात्र २६ वर्षे मागे जातो. पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांच्या काळात, १९५१ मध्ये, इराणने ब्रिटिशांच्या ताब्यातील तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्या गुप्तचर यंत्रणांच्या पुढाकाराने त्यांचे सरकार उलथवले गेले आणि इराणच्या राजाची, म्हणजे शहाची, एकाधिकारशाही दृढ झाली.

इथवरचा भाग अनेकांना ठाऊक असतो. या दोन तारखांना जोडणारा दुवा मात्र क्वचितच सांगितला जातो. १९५३ मधला पहिला प्रयत्न फसला होता आणि शहा आधी बगदादला व तिथून रोमला निघून गेला होता. काही दिवसांतच दुसरा प्रयत्न यशस्वी झाला आणि तो परत आला. १९७९ च्या जानेवारीत शहाने पुन्हा देश सोडला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला उपचारांसाठी अमेरिकेत प्रवेश मिळाला. वॉशिंग्टनमध्ये हा एका आजारी मित्राला दिलेला आसरा होता. तेहरानमध्ये मात्र, एकदा पळालेला शहा परदेशातून कसा परत आणला जातो हे पाहिलेली पिढी अजून जिवंत होती, आणि त्या कारस्थानाची सूत्रे दूतावासातून हलली होती, ही समजूत पक्की होती. विद्यार्थी दूतावासात शिरले ते सूडाच्या भावनेने, तसेच १९५३ ची पुनरावृत्ती होईल या भीतीनेही. ती भीती किती खरी होती हा वेगळा प्रश्न आहे. पण ती भीती वजा केली तर दूतावासाचा प्रसंग निव्वळ माथेफिरूपणा वाटतो, आणि माथेफिरूपणा हे स्पष्टीकरण नव्हे, स्पष्टीकरणाचा कंटाळा आहे.

तिसरे घड्याळही आहे. २२ सप्टेंबर १९८० रोजी इराकने इराणवर आक्रमण केले आणि युद्ध आठ वर्षे चालले. इराकने रासायनिक अस्त्रे वापरली, १९८८ मध्ये तेहरानवर क्षेपणास्त्रे डागली, आणि जगाचा कल बहुतांशी इराककडे राहिला. शस्त्रास्त्रांची बाजारपेठ जवळजवळ बंद झालेल्या इराणने त्या काळात स्वतःची क्षेपणास्त्रे उभारण्याचा जो ध्यास घेतला, तो आजच्या प्रत्येक वाटाघाटीत आडवा येतो. समोरच्याला जे आक्रमणाचे साधन दिसते, ते इराणी लष्करी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने १९८८ च्या असहायतेवरचे उत्तर आहे.

आता यात एक अवघड गोष्ट आहे, जी इराणची बाजू घेणारे गाळतात. १९५३ मध्ये मोसादेघ यांच्याविरुद्ध गेलेल्यांत आयतुल्ला काशानी यांच्यासारखे वजनदार धर्मगुरूही होते. म्हणजे आजची धर्मसत्ता ज्या जखमेचा दाखला देते, त्या जखमेत धर्मगुरूंच्या एका गटाचाही वाटा होता. सुरुवातीचे वर्ष निवडताना माणसे केवळ शत्रूचे अपराध निवडत नाहीत, स्वतःचे सोयीस्करपणे वगळतातही.

म्हणून माझे म्हणणे असे की, ऐतिहासिक दृष्टीचा खरा उपयोग कोण आधी आले आणि कोण नंतर, याचा निवाडा करण्यासाठी फारसा होत नाही. प्रत्येक पक्षाने आपले घड्याळ कोणत्या वर्षापासून लावले आहे, तेच वर्ष का निवडले आणि त्याआधीचे काय झाकले, हे विचारायला ती दृष्टी शिकवते. सदस्यांची मते वाचायला आवडतील. विरोधी मते विशेष.

शंकासुर

लेख आवडला, पण दोन शंका आहेत आणि दोन्ही मूलभूत आहेत.

पहिली अशी की, मागे जाण्याला अंत नाही. तुम्ही १९७९ वरून १९५३ वर गेलात. मी १९०८ वर जाईन, जेव्हा तिथे तेल सापडले. दुसरा कोणी १९०७ चा करार काढील, ज्यात ब्रिटन आणि रशिया यांनी इराणला न विचारता त्याचे प्रभावक्षेत्रांत विभाजन केले. अशी साखळी लांबवत गेल्यास सर्वच गोष्टींना सर्वच गोष्टी कारण ठरतात आणि आजच्या निर्णयकर्त्यावर कसलीही जबाबदारी उरत नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. इतिहासाचा हवाला देऊन संघर्ष अटळ ठरवण्याची सवय घातक असते. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हियात कत्तली चालू असताना पाश्चात्त्य राजधान्यांमध्ये असे सर्रास बोलले जात होते की बाल्कन प्रदेशातील ही वैरे शेकडो वर्षांची आहेत, त्यांत बाहेरच्यांनी पडून उपयोग नाही. म्हणजे इतिहास हे काहीही न करण्याचे कारण झाले. तुमची ऐतिहासिक दृष्टी त्याहून वेगळी कशी?

धागाकर्ता

शंकासुर यांची दुसरी शंका आधी घेतो, कारण युगोस्लाव्हियाचे उदाहरण माझ्या मुद्द्याविरुद्ध जाण्याऐवजी त्याला बळच देते, असे मला वाटते.

२८ जून १९८९ रोजी सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी कोसोवोमधील गाझिमेस्तान येथे प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केले. निमित्त होते ओटोमन तुर्कांविरुद्धच्या १३८९ च्या कोसोवोच्या लढाईला सहाशे वर्षे झाल्याचे. आता, सहाशे वर्षांपूर्वीची लढाई १९८९ मध्ये माणसांना रस्त्यावर आणते, हे पाहून 'प्राचीन वैर' म्हणण्याचा मोह होतो. परंतु ही लढाई १९५० मध्येही तितकीच जुनी होती, १९७० मध्येही होती, आणि त्या काळात सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक एकाच इमारतीत राहत होते, एकमेकांशी लग्ने करत होते, विशेषतः सारायेवोसारख्या शहरांत. मग १९८९ मध्येच ती लढाई का जागी झाली?

त्याचे उत्तर १३८९ मध्ये मिळत नाही, त्याच्या कितीतरी अलीकडे मिळते. युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा टिटो यांचे १९८० मध्ये निधन झाले. परकीय कर्जाच्या ओझ्याखाली अर्थव्यवस्था मोडकळीला आली आणि १९८९ मध्ये महागाईचा वार्षिक दर हजार टक्क्यांच्या वर गेला. साम्यवादी पक्षाची पुण्याई संपत आली होती आणि सत्ता टिकवायची तर नेत्यांना नवा आधार हवा होता. त्यातच दुसऱ्या महायुद्धातील क्रोएशियाच्या नाझीधार्जिण्या उस्ताशा राजवटीने यासेनोवाचसारख्या छावण्यांत केलेल्या हत्यांच्या आठवणी घराघरांत जिवंत होत्या. एकता टिकवण्याच्या हेतूने सरकारने त्यांची मोकळी चर्चा कधी होऊ दिली नव्हती. १३८९ हे केवळ झेंड्यावरचे वर्ष होते. इंधन १९४१ ते १९४५ चे होते आणि काडी १९८० च्या दशकातील. 'प्राचीन वैर' म्हणणाऱ्यांनी इतिहास वाचलाच नव्हता. त्यांनी प्रचारकाने दाखवलेले वर्ष तसेच उचलले.

पहिल्या शंकेविषयी: मागे जाण्याला अंत नाही हे खरे, पण सगळीच वर्षे सारख्या वजनाची नसतात. माझी कसोटी साधी आहे. ती घटना आजच्या निर्णयकर्त्याच्या भीतीत, कायद्यात, सीमेत किंवा हिशेबाच्या वहीत अजून हजर आहे का? १९०७ चा करार इराणी अविश्वासाची पार्श्वभूमी समजायला उपयोगी आहे. १९५३ हा थेट हजर आहे. आणि जबाबदारीविषयी म्हणाल तर, एखादे कृत्य समजले म्हणजे ते माफ झाले असे नव्हे. न्यायालयात हेतू सिद्ध करावा लागतो तो आरोपीला सोडण्यासाठी नसतो.

नकाशावेडा

कसोटी पटली. मी सीमांच्या अंगाने थोडी भर घालतो, आणि एक लोकप्रिय गैरसमजही दूर करू पाहतो.

पश्चिम आशियातील प्रत्येक संकटानंतर १९१६ च्या साइक्स-पिको कराराचे नाव निघते. दोन साम्राज्यवादी अधिकाऱ्यांनी नकाशावर रेघा ओढल्या आणि शंभर वर्षांचे दुखणे जन्माला आले, अशी ही कथा आहे. जून २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने इराक आणि सीरिया यांमधील मातीचा बांध बुलडोझरने पाडून साइक्स-पिकोचा शेवट केल्याची घोषणा केली, तेव्हा तर ही कथा जगभर पोहोचली. वस्तुस्थिती अशी की, त्या करारात मोसुल फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात दाखवले होते, आणि प्रत्यक्षात ते ब्रिटिशांच्या अमलाखालील इराकमध्ये गेले. पॅलेस्टाइनच्या मोठ्या भागासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था ठरवली होती, आणि प्रत्यक्षात तिथेही ब्रिटिश आले. आजच्या सीमा १९२० च्या सान रेमो परिषदेतून, तुर्कस्तानच्या युद्धातून, १९२३ च्या लोझान करारातून आणि पुढच्या दशकभराच्या घासाघिशीतून घडल्या. म्हणजे बुलडोझर चालवणाऱ्यांनी मोडली ती १९१६ ची रेघ नव्हतीच. पण एका नावात सगळा अपमान मावतो, म्हणून ते नाव टिकले.

रेघेचा खरा प्रभाव पाहायचा असेल तर ड्युरँड रेषा पाहावी. १८९३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आणि अमीर अब्दुर रहमान यांच्यात ती ठरली आणि पश्तून वस्ती दुभंगली. ब्रिटिशांना अफगाणिस्तान हा रशियाला दूर ठेवणारा मधला प्रदेश म्हणून हवा होता. रेषेच्या दोन्ही बाजूंना कोण राहते हा त्यांच्यासाठी दुय्यम प्रश्न होता. १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रांतील प्रवेशाला विरोध करणारे एकमेव मत अफगाणिस्तानचे होते, आणि कारण हीच सीमा होती. तो विरोध त्याने नंतर मागे घेतला. काबूलमध्ये त्यानंतर राजा गेला, प्रजासत्ताक आले, साम्यवादी आले, मुजाहिदीन आले, तालिबान दोनदा आले; या रेषेला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणून मनापासून मान्यता मात्र कोणीच दिली नाही. ज्या तालिबानला पाकिस्तानने वर्षानुवर्षे आसरा दिला, तेच सत्तेवर आल्यानंतर याच सीमेवरील कुंपणावरून पाकिस्तानशी भांडू लागले. ज्यांना याचे आश्चर्य वाटले, त्यांचे घड्याळ २००१ पासून लावलेले होते.

आता उलट बाजू. आफ्रिकेतील सीमा तर बर्लिन परिषदेनंतरच्या दशकांत युरोपीय राजधान्यांमध्ये आखल्या गेल्या, आणि तरीही जुलै १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी एकता संघटनेने स्वातंत्र्याच्या वेळी मिळालेल्या सीमा तशाच मान्य करण्याचा ठराव केला. अन्याय मान्य होता. तो दुरुस्त करण्याची किंमत अधिक वाटली. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाच्या तीन दिवस आधी, सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी याच निर्णयाची आठवण करून दिली. वंश किंवा धर्म यांच्या आधारे सीमा जुळवत बसलो असतो तर आम्ही आजही रक्तरंजित युद्धे लढत असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या आठवड्यातील सर्व भाषणांत मला ते सर्वाधिक इतिहासाचे भान असलेले वाटले.

जुनी वाचक

युक्रेनचा विषय निघालाच आहे तर थोडे लिहिते. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन लोकांच्या ऐतिहासिक ऐक्यावर एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला होता. त्यांचे घड्याळ प्राचीन रुस राज्यापासून लागते आणि कोसॅक आणि रशियाचा झार यांच्यातील १६५४ च्या पेरेयास्लाव्ह समझोत्याला त्यात मानाचे स्थान असते. युक्रेनच्या स्मृतीत मात्र १९३२-३३ चा, स्तालिनच्या धोरणांनी लादलेला आणि लाखो बळी घेणारा दुष्काळ अग्रस्थानी आहे. आणि कायद्याच्या भाषेत त्यांचे घड्याळ १ डिसेंबर १९९१ पासून लागते, जेव्हा सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. क्रिमियातही तो कौल निम्म्याहून थोडा अधिक होता. १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडून आपल्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन घेतले. एप्रिल २००८ मध्ये नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया कधीतरी सदस्य होतील असे जाहीर केले, पण कधी ते सांगितले नाही. मॉस्कोला डिवचणारी आणि कीव्हला कसलेही संरक्षण न देणारी अशी ती घोषणा होती. पुतिन यांच्या लेखाविषयी मला एवढेच वाटते की, ज्याला शेजाऱ्याचे आजचे मत सोयीचे नसते, तो शेजाऱ्याच्या खापरपणजोबाशी बोलू लागतो.

पण मला खरे लिहायचे आहे ते ऐतिहासिक उपमांविषयी, कारण राज्यकर्ते इतिहास वापरतात ते बहुधा उपमेच्या रूपात. म्युनिक ही त्यांतली सर्वांत महागडी उपमा आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये तिथे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांनी हिटलरपुढे माघार घेतली, याचा धडा पुढच्या पिढीने असा घेतला की हुकूमशहापुढे कधीच झुकू नये. १९५६ मध्ये इजिप्तचे नेते नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांना त्यांच्यात १९३० च्या दशकातील हुकूमशहा दिसला. कालवा स्वतःच्या देशातील होता, कंपनीच्या भागधारकांना भरपाई देऊ केली होती, जहाजे जातच होती. तरीही उपमा जिंकली, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी हल्ला केला, आणि अमेरिकेच्या आर्थिक दडपणापुढे ब्रिटनला काही आठवड्यांत मानहानीकारक माघार घ्यावी लागली. गंमत अशी की ईडन यांनी स्वतः फेब्रुवारी १९३८ मध्ये चेंबरलेन यांच्या मंत्रिमंडळातून परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. ज्या धड्याने त्यांची कीर्ती झाली, त्याच धड्याने त्यांची कारकीर्द संपवली.

इराकमध्ये २००३ साली हेच दुसऱ्या उपमेने झाले. १९४५ नंतर जर्मनी आणि जपान यांची पुनर्घडण झाली, मग इराकची का होणार नाही, असा युक्तिवाद होता. मे २००३ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरिष्ठ सदस्यांना पदांवरून दूर करण्यात आले आणि लगोलग संपूर्ण सैन्य बरखास्त झाले. लाखो शस्त्रशिक्षित माणसे एका फटक्यात पगाराशिवाय आणि मानाशिवाय घरी बसली. जर्मनीत मुळात युद्धोत्तर प्रशासन चालवण्यासाठी अनेक जुन्या नोकरदारांना पुन्हा घ्यावे लागले होते, आणि जपानमध्ये सम्राटासह नोकरशाही टिकवून ठेवली होती. म्हणजे उपमेतला जो भाग उपयोगी पडला असता, तोच वाचलेला नव्हता.

याच्या नेमके उलट, सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या १९६२ च्या क्यूबा संकटात दिसते. केनेडी यांनी त्याच वर्षी, पहिले महायुद्ध पेटले त्या १९१४ च्या उन्हाळ्यावरील एक पुस्तक वाचले होते आणि कोणालाही नको असलेले युद्ध एकमेकांच्या हेतूंच्या चुकीच्या अंदाजांमुळे कसे ओढवते, हे त्यांच्या मनावर ठसले होते. बरोबरीचे काही सल्लागार तातडीच्या हवाई हल्ल्याचा आग्रह धरत होते. केनेडी यांनी नाकेबंदी निवडली आणि सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांना मागे फिरायला वाट ठेवली. इतिहासाने त्यांना उत्तर दिले नाही, केवळ थांबायला लावले.

शंकासुर

उत्तम. जुन्या वाचकबाईंच्या प्रतिसादाने माझा विरोध बराच बोथट झाला आहे. एक उपप्रश्न: चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना फ्रेंच राज्यक्रांतीच्या परिणामांविषयी विचारले असता, सांगणे घाईचे होईल असे ते म्हणाले, ही गोष्ट तुम्ही लोक अजून कशी आणली नाहीत?

जुनी वाचक

कारण ती तशी घडली नाही. १९७२ च्या निक्सन भेटीत दुभाषा असलेले अमेरिकी राजनयिक चास फ्रीमन यांनी पुढे स्पष्ट केले की बोलणे १९६८ च्या पॅरिसमधील विद्यार्थी आंदोलनाविषयी चालले होते. चार वर्षांपूर्वीच्या घटनेविषयी घाई नको म्हणणे हा साधा विवेक आहे, दोनशे वर्षांचे पौर्वात्य शहाणपण नव्हे. पण चिनी नेते शतकांच्या मापाने विचार करतात ही कल्पना पाश्चात्त्यांना इतकी आवडली की दुरुस्ती मागे पडली.

अर्थविचार

येथे सगळे भीती, स्मृती आणि सीमा यांवर बोलत आहेत. इतिहास कर्जाच्या रूपानेही आजपर्यंत पोहोचतो, याकडे लक्ष वेधतो.

हैतीची आजची अवस्था, टोळ्यांच्या ताब्यातील राजधानी, कोलमडलेले सरकार, वाचताना साधारणपणे भ्रष्टाचार आणि भूकंप ही दोन कारणे सांगितली जातात. दोन्ही खरी आहेत. परंतु गुलामांच्या उठावातून १८०४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाला १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका बंदरासमोर उभ्या करून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. ही भरपाई गुलामांनी मळेमालकांना द्यायची होती, मालकांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी, आणि त्या मालमत्तेत ती माणसे स्वतःही मोजली होती. पहिला हप्ता देण्यासाठीच हैतीला फ्रेंच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण भरपाईतून निघालेल्या कर्जांची शेपटी १९४७ पर्यंत वळवळत राहिली. मधल्या काळात, १९१५ ते १९३४, अमेरिकी सैन्याने देशाचा ताबा घेतला आणि तिजोरीची किल्ली आपल्याकडे ठेवली. ज्या शतकात इतर देश शाळा, रस्ते आणि बंदरे बांधत होते, त्या शतकात हैती कॉफीच्या उत्पन्नातून हप्ते फेडत होता. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अरिस्टिड यांनी फ्रान्सकडे ही रक्कम परत मागितली, तेव्हा ती मागणी अनेकांना नाटकी वाटली. धागाकर्त्यांची कसोटी लावली तर १८२५ हे वर्ष हिशेबाच्या वहीत शंभरहून अधिक वर्षे हजर होते.

हे सांगितल्याने पुढच्या हुकूमशहांची, म्हणजे दुवालिए पितापुत्रांची, लूट पुसली जात नाही. दोन्ही खाती एकाच वहीत आहेत.

शंकासुर

मग सर्वांत कठीण प्रकरणाकडे येऊ. पॅलेस्टाइन आणि इस्रायल. तिथे प्रत्येकाला इतिहास तोंडपाठ आहे आणि तरीही, किंवा त्यामुळेच, काही सुटत नाही. तिथे तुमची पद्धत काय देते?

धागाकर्ता

निवाडा देत नाही, हे प्रथम मान्य करतो.

तिथे निदान चार घड्याळे आहेत. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याचा मूळ मजकूर इंग्रजीत अवघ्या ६७ शब्दांचा आहे. त्यात ज्यू लोकांसाठी 'राष्ट्रीय घर' म्हटले आहे, राज्य म्हटलेले नाही; आणि त्या वेळी लोकसंख्येच्या सुमारे नऊ-दशांश असलेल्या अरबांचा उल्लेख 'ज्यू नसलेले समाज' असा करून त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी दिली आहे, राजकीय हक्कांची नाही. पुढच्या तीस वर्षांचा झगडा या दोन वगळलेल्या शब्दांतून वाट काढत गेला. दुसरे घड्याळ १९४८ चे आहे: सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांबाहेर पडले किंवा काढले गेले, आणि साठ लाख ज्यूंच्या हत्येनंतर तीनच वर्षांनी उभे राहिलेले राज्य पहिल्याच दिवसापासून शेजाऱ्यांशी युद्धात होते. पुढच्या काळात अरब देशांतूनही लाखो ज्यू विस्थापित होऊन तिथे आले, हे दुसऱ्या बाजूचे लोक क्वचितच बोलतात. तिसरे १९६७ च्या युद्धाचे, आणि चौथे ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याचे.

१९६७ नंतरच्या सुरक्षा परिषदेच्या २४२ क्रमांकाच्या ठरावाचे पाहा. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असे त्यात म्हटले आहे. पण इंग्रजी मसुद्यात 'प्रदेश' या शब्दाआधी निश्चयवाचक उपपद नाही, त्यामुळे सर्व प्रदेश की काही प्रदेश, हे मोकळे राहते, आणि फ्रेंच मसुदा वाचला तर अर्थ सर्व प्रदेशांकडे झुकतो. ही लेखनिकाची चूक नव्हती. ती संदिग्धता ठेवल्यामुळेच ठराव एकमताने संमत झाला. त्या दिवशी ज्या धूसरपणाने एकमत विकत घेतले, त्याचे व्याज अजून भरले जात आहे.

मग उपयोग काय? वाटाघाटीत 'सुरक्षा' आणि 'परतीचा हक्क' हे दोन शब्द कोणत्याही सवलतीच्या बदल्यात का विकले जात नाहीत, हे तरी कळते. हे दोन्ही शब्द अस्तित्व पुसले जाण्याच्या अनुभवातून आलेले आहेत. आणि त्याच प्रदेशात याच्या उलट उदाहरणही आहे. इजिप्त आणि इस्रायल १९४८, १९५६, १९६७ आणि १९७३ अशा चार युद्धांत समोरासमोर होते, आणि १९७९ मध्ये त्यांनी शांतता करार केला, जो अनेक धक्के सोसून टिकला आहे. तिथे वाद सिनाईच्या भूमीचा होता, भूमी परत करता येते. कुठल्या भांडणात परत करता येण्यासारखी वस्तू आहे आणि कुठल्या भांडणात नाही, हे ओळखणे मला इतिहासाचे सर्वांत व्यावहारिक काम वाटते.

नकाशावेडा

या संदर्भात अल्सास-लोरेनही आठवावे. १८७१ मध्ये जर्मनीकडे, १९१८ नंतर फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे, आणि महायुद्धाच्या अखेरीस परत फ्रान्सकडे. १८७० ते १९४५ या काळात या दोन देशांत तीन मोठी युद्धे झाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमन यांनी कोळसा आणि पोलाद संयुक्त नियंत्रणाखाली आणण्याची घोषणा केली, म्हणजे ज्या वस्तूंनी तोफा बनतात त्याच एका वहीत आणल्या. १९६३ मध्ये मैत्रीचा एलिझे करार झाला, आणि २००६ मध्ये दोन्ही देशांच्या शाळांसाठी एकच इतिहासाचे पाठ्यपुस्तक निघाले. आधी पोलाद आणि मग पाठ्यपुस्तक, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मधे छप्पन वर्षे गेली. याउलट हंगेरीने १९२० च्या ट्रायानॉन करारात दोन-तृतीयांश भूमी गमावली आणि नव्वद वर्षांनी, २०१० मध्ये, त्या कराराचा ४ जून हा दिवस राष्ट्रीय ऐक्याचा दिवस म्हणून कायद्याने जाहीर केला. शेजारच्या देशांत त्या दिवसाकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, याची कल्पना करावी.

शंकासुर

शेवटचा प्रश्न, मग मी थांबतो. तैवानचे घड्याळ कधीपासून लावायचे? १८९५ पासून की १९४९ पासून?

धागाकर्ता

बीजिंगचे घड्याळ ब्रिटनकडून हरल्यावर झालेल्या १८४२ च्या नानजिंग करारापासून सुरू होते आणि १८९५ च्या शिमोनोसेकी करारावर, म्हणजे चीनने तैवान जपानला दिले त्या क्षणावर, सर्वांत मोठ्याने वाजते. मानहानीच्या शतकाचे ते शेवटचे न मिटलेले प्रकरण आहे, अशी तिथली अधिकृत मांडणी आहे, आणि १९८९ नंतर शालेय शिक्षणात तिच्यावर विशेष भर दिला गेला. वॉशिंग्टनचे घड्याळ १९४९-५० पासून, शीतयुद्धापासून चालते.

तुम्ही दिलेल्या दोन पर्यायांत तैवानी मतदाराचे वर्ष मात्र नाही. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी तिथे राष्ट्रवादी सरकारविरुद्ध असंतोषाचा भडका उडाला आणि मुख्य भूमीवरून आलेल्या सैन्याने तो हजारो माणसांच्या हत्येने चिरडला. दोन वर्षांनी तेच सरकार चीनमध्ये हरून तैवानमध्ये आले आणि १९४९ पासून १९८७ पर्यंत, सलग ३८ वर्षे, तिथे लष्करी कायदा होता. त्या काळात फेब्रुवारीच्या त्या दिवसांविषयी उघडपणे बोलणेही धोक्याचे होते. १९९६ मध्ये पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक झाली, आणि चीनने त्या सुमारास जवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली. या मतदाराच्या स्मृतीतली दडपशाही साम्यवादी चीनने केलेलीच नाही. ती मुख्य भूमीवरून आलेल्या, संपूर्ण चीनवर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या चिनी सरकारने केली होती. बीजिंग त्याला १८९५ ची दुरुस्ती देऊ करते, तेव्हा तो १९४७ आठवत असतो. आता २८ फेब्रुवारी हा तिथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.